बीटल्सचा कच्चा खर्डा : ‘अँथॉलॉजी १’

नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘अँथॉलॉजी १’ हा दोन सीडींचा संच बीटल्स या ब्रिटिश बँडच्या १९५८ ते १९६४ या काळातील आहे. वगळलेले टेक (गाणे मुद्रित करण्याचे एकेक प्रयत्न), घरगुती मुद्रणे आणि रंगमंचावरची गाणी त्यात एकत्र केली आहेत. आरंभी मात्र ‘फ्री ॲज अ बर्ड’ हे तेव्हाचे ‘नवे’ गाणे येते. जॉन लेननने १९७७ च्या सुमारास घरी कॅसेटवर गायलेल्या या गाण्यावर त्याच्या निधनानंतर उरलेल्या तिघांनी निर्माते जेफ लिन यांच्या साहाय्याने साज चढवला. गाणे वाईट नाही, पण लिन यांची छाप इतकी गडद आहे की पाठोपाठ येणाऱ्या १९५८ च्या खरखरीत मुद्रणाशी त्याचे मुळीच जुळत नाही.

ते मुद्रण लिव्हरपूलच्या पर्सी फिलिप्स यांच्या घरगुती स्टुडिओतले आहे. तेव्हा ‘क्वारीमेन’ म्हणवणाऱ्या या मुलांनी तिथे एका तबकडीवर दोन गाणी उतरवली; त्यांपैकी ‘इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर’ हे त्यांचे स्वतःचे. या संचात ते कापून आखूड केले आहे. दस्तऐवज म्हणून विकल्या जाणाऱ्या संग्रहात अशी कात्री चालवणे मला पटलेले नाही, आणि गाण्यांच्या मध्ये पेरलेले मुलाखतींचे तुकडेही दुसऱ्यांदा ऐकताना कंटाळा आणतात.

१ जानेवारी १९६२ रोजी डेक्का या रेकॉर्ड कंपनीने या मंडळींची चाचणी घेतली आणि त्यांना नाकारले, म्हणून कंपनीला आजवर नावे ठेवली जातात. त्या दिवशीच्या १५ गाण्यांपैकी पाच इथे आहेत, आणि ती नीट ऐकल्यास त्या नकाराचे फारसे आश्चर्य वाटत नाही : गाणारे बिचकलेले आहेत, विनोदी गाण्यांतली मस्करी ओढूनताणून आणलेली आहे. ६ जून १९६२ च्या ‘लव्ह मी डू’मध्ये तेव्हाचा ड्रमर पीट बेस्ट मधल्या भागात ठेका बदलतो आणि लय डळमळते, ड्रमर बदलण्याची गरज निर्माते जॉर्ज मार्टिन यांना का भासली, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. गंमत अशी की मुखपृष्ठावरच्या जुन्या छायाचित्रात बेस्टचा चेहरा फाडून तिथे त्याच्या जागी आलेल्या रिंगो स्टारचा दाखवला आहे, आणि आतल्या दहा गाण्यांत ड्रमवर बेस्टच आहे!

प्रत्यक्ष कार्यक्रमांपैकी ऑक्टोबर १९६३ मध्ये स्टॉकहोमला स्वीडिश रेडिओसाठी वाजवलेली पाच गाणी सर्वांत सरस आहेत. आवाज किंचित फाटलेला आहे, पण श्रोत्यांच्या किंकाळ्यांखाली बँड अजून बुडालेला नाही आणि ‘मनी’ अक्षरशः अंगावर येते. त्या मानाने ब्रिटिश राजघराण्यासमोरच्या रॉयल व्हरायटी कार्यक्रमातला भाग, महागड्या खुर्च्यांवरच्या प्रेक्षकांनी टाळ्यांऐवजी दागिने खुळखुळवावेत ही लेननची सूचना सोडली, तर नेहमीचाच आहे.

या संचाचे खरे मोल आहे ते लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओतल्या फसलेल्या टेकमध्ये. मार्च १९६३ मध्ये ‘वन आफ्टर ९०९’ वाजवताना गाडी पुन्हा पुन्हा रुळावरून घसरते, पॉल मॅकार्टनीजवळ प्लेक्ट्रम (तारा छेडायची पट्टी) नाही म्हणून जॉन त्याला खडसावतो, आणि तेव्हा बाजूला पडलेले हे गाणे थेट १९६९ मध्ये छतावरच्या कार्यक्रमात मार्गी लागते. ‘अँड आय लव्ह हर’ इथे पूर्ण ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारसह येते. ड्रम काढून बाँगो (हाताने वाजवायचे छोटे जोडढोल) आणल्यावर त्या गाण्याचे किती भले झाले, हे तुलना करताच कळते. मला सर्वांत आवडला तो ‘आय’ल बी बॅक’चा दुसरा टेक : लेनन ते तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये गाऊ पाहतो, मधल्या कडव्यात शब्द मात्रांत बसेनात म्हणून थांबतो, हे गायला फार अवघड आहे असे सांगून मोकळा होतो, आणि लगेचचा टेक चार मात्रांत सुरू होतो. एवढ्या अवधीत गाण्याला त्याची चाल सापडलेली असते.

सरावलेल्या श्रोत्याने दुसऱ्या सीडीपासून सुरुवात करावी. नवख्याने आधी मूळ अल्बम ऐकून मगच इकडे वळावे. ‘लीव्ह माय किटन अलोन’ मात्र कोणीही चुकवू नये. १४ ऑगस्ट १९६४ रोजी मुद्रित झालेल्या या गाण्यात लेननचा गळा नुसता पेटलेला आहे. ते डावलून, त्याच दिवशी हाती घेतलेले ‘मिस्टर मूनलाइट’ ‘बीटल्स फॉर सेल’ या अल्बममध्ये का घेतले, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.