लाकडी मॉन्टेसरी संच: सात-आठ महिने वापरल्यावर

लेकीला अडीच वर्षं पूर्ण झाली तेव्हा हा संच ऑनलाइन मागवला. पैसे वसूल झाले ते एकाच वस्तूचे, सिलिंडर ब्लॉकचे. लांब लाकडी ठोकळा, त्यात दहा भोकं, प्रत्येकात बसणारा, वर धरायला छोटी मूठ असलेला दट्ट्या. आमच्या ब्लॉकात उंची सगळ्यांची सारखी, जाडी तेवढी वेगळी.

ती बारीक दट्ट्या मोठ्या भोकात टाकते, तो आत हलतो, बाई खूश. शेवटी हातात एक जाडा उरतो आणि रिकामं असतं बारीक भोक. आधी ती तो दणादणा ठोकायची, मग माझ्याकडं बघायची. मी गप्प. (सासूबाईंना राहवत नाही, "अगं, तो तिकडं घाल की!") हल्ली उरलेला हातात धरूनच बाकीच्यांवर नजर फिरवते आणि नेमका चुकलेला उपसते. चूक ठोकळाच दाखवतो, आपण तोंड घालायला नको. शिवाय मूठ अंगठा आणि दोन बोटांत धरावी लागते, पुढं पेन्सिलीला हीच पकड.

पिंक टॉवर बरा. १ ते १० सेंटीमीटरचे दहा ठोकळे. त्यातला सगळ्यात छोटा घशात अडकू शकतो, म्हणून तो कपाटात. पेटीवर आयएसआय शिक्का आहे, २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचाच. तरी कोपऱ्यांचा रंग उडाला. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही.

वासाच्या कुप्या पावसाळ्यातच संपल्या, सगळ्यांना एकच उदबत्तीचा वास. आता वाट्यांत हिंग, सुंठ, वेलदोडा घालून वर फडकं बांधते. चटणीची, म्हणजे लाल तिखटाची, वाटी ठेवत नाही, डोळ्यांत गेली तर पंचाईत. तशी गरजही नाही, गल्लीत मिरचीचं कांडप सुरू झालं की ती शिंकतच "चटणी!" म्हणते.

खरखरीत-गुळगुळीत पाट्यांचे कागद सुटले. त्यापेक्षा थंडीत गुऱ्हाळावर न्या. काहिलीपासून लांबच उभं राहायचं, पण वाळलेली चिपाडं, मळीचा वास, पानावरचा कोमट गूळ आधी बोटाला चिकटणारा, मग कडक होत जाणारा, हे सगळं फुकट.

पेटी पुन्हा घेणार नाही. ब्लॉकचे चार प्रकार असतात. जाडी सारखी आणि उंची वेगळी असलेला सुटा शोधतेय. त्यात कुठलाही दट्ट्या कुठल्याही भोकात जातो, चूक फक्त वर-खाली झालेल्या मुठींवरून कळते. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या दुकानांत विचारलं, मिळाला नाही.