बुधवारची नोव्हेना की दाराआडची प्रार्थना?

देवाशी जवळीक साधायची तर ठरलेल्या शब्दांची सामुदायिक प्रार्थना बरी की एकांतातले मोकळे बोलणे? माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे अशीच ठरलेल्या शब्दांची सामुदायिक प्रार्थना, होते. तिथे मेणबत्ती हातात धरून उभ्या असलेल्या गर्दीत, स्वतःचे शब्द आटलेल्या माणसालाही प्रार्थना सापडते, आणि हेच तिचे बळ आहे. मात्र शब्द एकदा पाठ झाले की ओठ चालत राहतात आणि मन परतीच्या लोकलकडे लागते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू दार लावून, गुप्तपणे पित्याची प्रार्थना करायला सांगतो. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे असताना लावायला दार कुठले, हा भाग वेगळा. पण पहाटे चहाचे आधण ठेवताना पुटपुटलेली तक्रारही या प्रार्थनेत चालते. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी आपल्या अभंगांतून ख्रिस्ताला माउली म्हटले, ती सलगी याच जातीची. मोकळ्या प्रार्थनेत मागण्यांचीच यादी लांबत जाते, हे खरे. तरीही नात्यासाठी मी आधी तिलाच निवडेन, आणि बुधवार जोडीला ठेवीन.