झोटेरो: मराठी प्रबंधाचे संदर्भ सांभाळायला कितपत उपयोगी?

प्रबंधाचे संदर्भ सांभाळायला फुकट साधन हवे असेल तर झोटेरो घ्यावे. ते २००६पासून चालू आहे, मुक्त स्रोत आहे, आणि त्याची वर्ड व गूगल डॉक्सशी जोडणी भक्कम आहे. मराठी साहित्यावर काम करणाऱ्याने मात्र प्रत्येक नोंद आत येताच तपासायला हवी. हे काम साठवून ठेवले तर संदर्भसूची छापायच्या वेळी गळ्याशी येते.

कॉम्प्युटरवर अ‍ॅप आणि ब्राउझरमध्ये कनेक्टर, दोन्ही बसवा. लेखाचे पान उघडून कनेक्टरचे बटण दाबले की शीर्षक, लेखक, अंक, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) आपोआप भरले जातात. पुस्तक असेल तर झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर क्लिक करून आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाका. इंग्रजी शोधनिबंधांना हे छान चालते. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएनच नसतो, त्यामुळे त्यांची नोंद हातानेच करावी लागते. नुसत्या स्कॅन केलेल्या पीडीएफमधून माहिती निघत नाही, आणि युनिकोडपूर्व, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, फाँटमधल्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधून सापडत नाहीत. शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातले) प्रबंध प्रकरणवार फायलींत असतात. तिथे संपूर्ण प्रबंधाची एकच नोंद करून सगळ्या पीडीएफ तिलाच जोडा आणि नोंदीचा प्रकार ‘थीसिस’ आहे ना, ते पाहा.

सर्वाधिक घोळ नावांत होतो. ‘राजवाडे’ आडनावाच्या रकान्यात आणि ‘वि. का.’ दुसऱ्या रकान्यात हवे. संस्थेचे नाव असे तोडले की ‘संस्था, राज्य मराठी विकास’ असे काहीतरी छापून येते. नावाशेजारच्या छोट्या बटणाने दोन रकान्यांचा एक करा, मग नाव अखंड राहते. साल इंग्रजी आकड्यांत लिहा, कारण देवनागरी आकडे झोटेरो साल म्हणून वाचत नाही. पुस्तकावर फक्त शके असेल तर इसवी सन तारखेत आणि शके ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात टाका.

झोटेरोच्या सेटिंगमध्ये दस्तऐवजाची भाषा इंग्रजी ठेवली की मराठी संदर्भांतही ‘अँड’, ‘एट अल.’ (आणि इतर) उमटतात, आणि देवनागरी नोंदी रोमन नोंदींच्या मागे जातात. विद्यापीठाला वेगळा क्रम हवा असेल तर तो अगदी शेवटी, झोटेरोशी असलेले दुवे तोडलेल्या प्रतीत हाताने लावावा. आधी लावलात तर झोटेरोने सूची पुन्हा तयार केली (रिफ्रेश) की सगळे पुसले जाते. क्रम असा हाताने लावावा लागणे, ही मराठी संशोधकाच्या दृष्टीने या साधनातली सर्वांत मोठी उणीव आहे.

एकच पुस्तक दोनदा आले असेल तर जादा नोंद डिलीट करू नका, ‘मर्ज’ करा, म्हणजे दोन्ही एकत्र करा. डिलीट केलेली नोंद मजकुरात वापरलेली असेल तर तिथले संदर्भ पुढे आपोआप सुधारले जात नाहीत.

फायलींच्या सिंकसाठी (सगळ्या उपकरणांवर त्या सारख्या ठेवण्यासाठी) झोटेरोकडे फुकट जागा ३०० एमबी, म्हणजे स्कॅन केलेली मोजकी पुस्तके. नोंदींना मात्र मर्यादा नाही. फायलींचे सिंक बंद ठेवून नुसत्या नोंदी सिंक केल्या तर पैसे भरावे लागत नाहीत. जागा वाचवायला झोटेरोचा मूळ फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंकमध्ये कधीही ठेवू नका, डेटाबेस बिघडू शकतो. बॅकअप घेताना अ‍ॅप बंद करून पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा.

चार-पाच पानांच्या निबंधाला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. त्याच मंडळींचे झोटेरोबिब खाते न उघडता ब्राउझरमध्येच सूची करून देते. तिथली यादी त्या ब्राउझरमध्येच साठते, म्हणून ब्राउझरचा डेटा साफ करण्याआधी ती वर्डमध्ये उतरवून घ्या.