मोल्सवर्थच्या नावाखाली भलताच कोश माथी मारतात

पेशवेकालीन पत्रं, बखरी वाचायच्या तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला पर्याय नाही. त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ची. शब्द साठ हजारांच्या आसपास, मोठ्या आकाराची पानं नऊशेच्या घरात. हाच कोश एका विक्रेत्याकडे ऑनलाइन दिसला. फोटोत जाडजूड ग्रंथ, खाली ‘मोल्सवर्थ, संपूर्ण’. मी पैसे भरले.

पार्सल हातात घेतल्याबरोबर वजनावरूनच शंका आली. बाहेर नवं चकचकीत कव्हर, त्यावर फक्त मोल्सवर्थचं नाव. आतलं मूळ मुखपृष्ठ मात्र खरं बोलत होतं: ‘कम्पेंडियम’, आणि खाली बाबा पदमनजी. म्हणजे पदमनजींनी मोल्सवर्थवरून केलेला संक्षेप, जो पहिल्यांदा १८६३ साली निघाला. पदमनजींचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी संक्षेपाला संक्षेपच म्हटलं होतं. लबाडी आहे ती ‘कम्पेंडियम’ शब्द गाळून कव्हर छापणाऱ्याची, आणि फोटो एका पुस्तकाचा लावून दुसरं पाठवणाऱ्याची.

फरक किती? ‘हात’ काढून बघा. मोल्सवर्थ तिथे वाक्प्रचारांची रांगच लावतो, प्रत्येकाचा अर्थ देतो. माझ्या हाती आलेल्या पुस्तकात त्यातलं बरंचसं छाटलेलं. जुनं पत्र वाचताना माणूस अडतो तो नेमका अशाच जागी.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, ‘‘सर, मोल्सवर्थच आहे, कव्हरवर लिहिलंय ना?’’ मुखपृष्ठाचा फोटो पाठवला, तर म्हणे पाकीट फोडलंय, आता परत घेता येणार नाही. मग वेबसाइटकडे तक्रार केली, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडला, तेव्हा कुठे पैसे परत मिळाले. तो काढून ठेवला नसता तर काही खरं नव्हतं, कारण मधल्या काळात जाहिरातीतला ‘संपूर्ण’ शब्द गायब झाला होता!

इंग्रजी कोशांतही हा खेळ चालतो. अमेरिकेत ‘वेबस्टर’ हे जुन्या नामांकित कोशकाराचं नाव कोणीही आपल्या कोशाला देऊ शकतो, त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच कळत नाही.

कोश मागवण्याआधी विक्रेत्याकडून आतल्या मूळ मुखपृष्ठाचा आणि शेवटच्या पानाचा फोटो मागा. पानाचा आकडा दिसला पाहिजे. टाळाटाळ केली तर सोडून द्या. आणि नुसते अर्थच बघायचे असतील, तर अख्खा मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो.