घरातल्या डिव्हाइसना आयपी फिक्स करून सहा-सात महिने झाले, वापरानंतरचा अनुभव

मे महिन्यात वळीव सुरू व्हायच्या तोंडावर घरातल्या प्रत्येक कामाच्या डिव्हाइसला राऊटरवरून आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा नंबर, बांधून दिला, आता दिवाळी होऊन गेली तरी त्यातला एकही हललेला नाही. त्यामुळे आता मनापासून लिहितो की ज्यांच्या घरात नेटवर्क प्रिंटर, कॅमेरे, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), एखादा जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) असलं काहीही चालू आहे त्यांनी हे करावंच. खर्च काहीच नाही, एक निवांत दुपार लागते आणि त्यानंतर घरात कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि तेच तर पाहिजे.

आधी घरचा पसारा सांगतो म्हणजे पुढचं समजेल. मिरजेला दुमजली घर, खाली आई-बाबा आणि मी, वर दादा-वहिनी. वहिनी आठवी ते दहावीच्या ट्यूशन घेतात त्यामुळे लेझर प्रिंटर रोज चालतो, परीक्षेच्या दिवसात तर संध्याकाळी थांबतच नाही. गेटवर, जिन्यात आणि मागच्या अंगणात कॅमेरे आहेत, ते एका एनव्हीआरला जोडलेले. दोन टीव्ही. एका रास्पबेरी पायवर पाय-होल चालतं, जाहिराती अडवायला. आणि एक जुना डेस्कटॉप आहे ज्यावर घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ आहेत, ते टीव्हीवर बघता येतात.

आधी व्हायचं असं की लाईट जायची, अर्ध्या तासाने यायची, नेट व्यवस्थित चालू, मोबाईल चालू, पण वरून हाक यायची, "भाऊजी, प्रिंटर ऑफलाईन दाखवतोय, मुलं बसलीयेत." प्रिंटरवर हिरवा दिवा, वायफाय जोडलेलं, सगळं ठीक, फक्त त्याचा आयपी बदललेला आणि वहिनींचा लॅपटॉप जुन्या नंबरवर पान पाठवत बसलेला. कॅमेऱ्याचंही तेच, एनव्हीआरमध्ये कॅमेरा आयपीने जोडलेला असतो, कॅमेऱ्याने नवीन आयपी घेतला की तो चॅनेल काळा. आणि हे कळायचं कधी, तर मागच्या अंगणात काहीतरी झाल्यावर रेकॉर्डिंग बघायला गेलो की.

आता हे होतं का ते नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. घरातलं प्रत्येक डिव्हाइस चालू झालं की राऊटरकडे आयपी मागतं, राऊटर त्याला एक नंबर ठराविक मुदतीसाठी देतो, याला लीज म्हणतात. ही डीएचसीपीची पद्धत, तिचं आजही चालणारं स्टँडर्ड १९९७ चं आहे. मुदत कुठल्या राऊटरवर दोन तास, कुठे बारा, कुठे चोवीस. अर्धी मुदत झाली की डिव्हाइस आपणहून तीच मुदत वाढवून घेतं, म्हणून सगळं चालू असताना नंबर सहसा बदलत नाही, आणि म्हणूनच बरेच लोक सांगतात की आमचा तर कधी बदललाच नाही. खरं आहे त्यांचं. पण घरगुती राऊटर बऱ्याचदा ही यादी रॅममध्येच ठेवतात, राऊटर बंद पडला की यादी कोरी. मग लाईट आल्यावर जो आधी उठेल तो आधी मागणार, फोन आधी, कॅमेरा नंतर, प्रिंटर तर गरम व्हायलाच वेळ घेतो. काही राऊटरमधलं सॉफ्टवेअर मॅक ॲड्रेसवरून (कंपनीने प्रत्येक डिव्हाइसला दिलेली ओळख) गणित करून नंबर काढतं त्यामुळे बहुतेक वेळा जुनाच नंबर परत मिळतो, पण त्या नंबरवर तोपर्यंत पाहुण्यांचा फोन बसला असेल तर नाही मिळत. म्हणजे आठ वेळा काही होत नाही आणि नवव्या वेळी होतं, आणि असला कधीमधी येणारा त्रास शोधायला सगळ्यात वाईट.

यावर दोन उपाय आहेत आणि माझं मत एकदम स्पष्ट आहे. एक म्हणजे प्रिंटरमध्ये किंवा कॅमेऱ्यात जाऊन तिथेच स्टॅटिक आयपी टाकायचा. दुसरा म्हणजे डिव्हाइसला हातच लावायचा नाही, राऊटरच्या पानावर जाऊन सांगायचं की हा मॅक ॲड्रेस आला की त्याला हाच आयपी द्यायचा. राऊटरवर याला ॲड्रेस रिझर्वेशन, स्टॅटिक लीज, आयपी मॅक बाइंडिंग अशी वेगवेगळी नावं असतात, काम एकच. डिव्हाइसमध्ये स्टॅटिक टाकणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, आणि राऊटरवर रिझर्वेशन म्हणजे कंडक्टरच्या चार्टवरच सीट नंबर असणं. राऊटरला रुमालाचं काही माहीतच नसतं, तो तोच नंबर उद्या दुसऱ्याला देऊ शकतो, आणि मग दोघंही अडखळत चालतात. शिवाय उद्या राऊटर बदलला आणि नंबरांची मालिकाच (आयपीचे पहिले तीन आकडे) बदलली तर स्टॅटिक टाकलेला प्रिंटर जुन्या मालिकेत अडकून राहतो, त्याच्या दोन ओळींच्या स्क्रीनवर बाणांची बटणं दाबत मेनू शोधायचा म्हणजे नको वाटतं. रिझर्वेशन असेल तर सगळी यादी एका जागी, बदलायचं तर एका जागी. म्हणून माझ्याकडे पाय-होलच्या रास्पबेरी पायसकट सगळं रिझर्वेशनवरच आहे.

करायची पद्धत सांगतो. राऊटरचं पान उघडायचं, डीएचसीपी क्लायंट लिस्टमध्ये जोडलेली सगळी डिव्हाइस दिसतात. त्यातली निम्मी नावं अगम्य असतात, कोणता कॅमेरा कुठला ते कळत नाही, त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे एकेक बंद करून बघायचं कोण यादीतून जातंय, किंवा डिव्हाइसच्या मागच्या स्टिकरवर मॅक ॲड्रेस छापलेला असतो तो ताडून बघायचा, बारा अक्षर-आकड्यांचा असतो. विंडोजच्या पीसीवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारलं की फिजिकल ॲड्रेस म्हणून दिसतो. एक गोष्ट इथे लक्षात ठेवा, प्रिंटर किंवा लॅपटॉपला केबल आणि वायफाय दोन्ही असेल तर दोघांचे मॅक वेगळे असतात, ज्याने जोडणार त्याचाच घ्या.

नंबर, म्हणजे आयपीचा शेवटचा आकडा, देताना मी गट पाडले आणि त्याचा फार फायदा झाला. राऊटर आणि ॲक्सेस पॉइंट एक ते नऊमध्ये, रास्पबेरी पाय आणि डेस्कटॉप दहापासून, प्रिंटर वीसपासून, एनव्हीआर आणि कॅमेरे तीसपासून, टीव्ही पन्नासपासून. शंभर ते एकशेनव्याण्णव हे राऊटरने वाटायला मोकळे, फोन आणि पाहुणे तिकडे. आता यादीत चौतीस नंबर गायब दिसला की न बघताच कळतं मागच्या अंगणातला कॅमेरा बंद आहे. मात्र राऊटरप्रमाणे नियम बदलतो, काहींना रिझर्व्ह केलेला नंबर वाटायच्या रेंजच्या आतलाच लागतो, बाहेरचा टाकला की एरर येते, तेव्हा रेंज मोठी ठेवा आणि आत गट पाडा. काही स्वस्त राऊटरवर रिझर्वेशनच्या संख्येलाही मर्यादा असते, घ्यायच्या आधी बघा.

रिझर्वेशन टाकल्याबरोबर नंबर बदलत नाही, डिव्हाइस जुन्या लीजवर चालत राहतं, त्याला एकदा बंद-चालू करावं लागतं. विंडोजवर आयपीकॉन्फिग रिलीज आणि मग रिन्यू मारलं तरी चालतं. आणि कधी कुठल्या डिव्हाइसवर १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो रिझर्वेशनचा दोष नाही, त्याला राऊटरकडून उत्तरच आलेलं नाही म्हणून त्याने स्वतःच एक नंबर लावून घेतलाय, तेव्हा केबल, वायफायचा पासवर्ड, सिग्नल हे बघायचं.

प्रिंटरसाठी एक पायरी जास्त आहे आणि ती केल्याशिवाय आयपी फिक्स करून उपयोग नाही. विंडोज बऱ्याचदा प्रिंटर डब्ल्यूएसडी पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवर स्वतःच शोधून, आपणहून जोडतं, तिथे आपण फिक्स केलेला नंबर टाकलेलाच नसतो. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सच्या टॅबवर जाऊन स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट नवीन बनवायचा आणि तिथे आपला फिक्स केलेला नंबर टाकायचा. तरीही प्रिंट होत असताना ऑफलाईन दाखवत असेल तर त्याच पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारायची) टिक काढून बघा. वहिनींच्या लॅपटॉपवर हे दोन्ही केलं आणि तेव्हापासून प्रिंटरसाठी वरून हाक आलेली नाही, अगदी जुलैत लाईटचा खेळखंडोबा चालू होता तेव्हासुद्धा.

पाय-होलला फिक्स आयपी तर हवाच हवा, कारण घरातल्या सगळ्यांना डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा) म्हणून त्याचाच नंबर दिलेला असतो, तो हलला की वायफाय पूर्ण दिसतं आणि एकही साईट उघडत नाही, आणि घरात सगळे म्हणतात नेट गेलं.

आता थोडं अवघड प्रकरण, मागच्या अंगणातला कॅमेरा. तो एक्स्टेंडरवरून (वायफाय लांबपर्यंत पोचवणारा डबा) जोडलाय, भिंती जाड आहेत आमच्या. त्याच्या स्टिकरवरचा मॅक टाकून रिझर्वेशन केलं तरी त्याला वाटेल तो नंबर मिळायचा. क्लायंट लिस्ट नीट बघितल्यावर कळलं की काही एक्स्टेंडर आपल्यामागच्या डिव्हाइसचा मॅक जसाच्या तसा पुढे पाठवत नाहीत, पहिला भाग बदलून पाठवतात. स्टिकरवर काहीही असो, राऊटरला जो मॅक दिसतो तोच रिझर्वेशनमध्ये टाकायचा. ही गोष्ट फार कमी लोक सांगतात म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिली.

फोनबद्दल लोक हमखास विचारतात. फोनला फिक्स आयपी द्यायची बहुतेकांना गरज नाही. ॲन्ड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनवर आयओएस १४ पासून, २०२० ला, फोन प्रत्येक वायफायला खऱ्याऐवजी बनावट मॅक दाखवतात, कुणी माग काढू नये म्हणून, आणि ते चांगलंच आहे. पण मुलांच्या फोनला वेळेचं बंधन घालायचं असेल किंवा काही कारणाने नंबर बांधायचाच असेल तर घरच्या वायफायपुरता तो पर्याय बंद करा. मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कंपनीने दिलेला नाही, बनवलेला आहे असं समजायचं.

अजून एक घोळ सगळीकडे दिसतो. घरातला आयपी फिक्स करणं आणि नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी विकत घेणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. घरातले १९२.१६८ वाले नंबर फक्त घरापुरते, १९९६ मध्येच असल्या खासगी वापरासाठी ते बाजूला काढून ठेवलेत, तुमच्याकडे आणि शेजाऱ्याकडे तेच नंबर असले तरी काही बिघडत नाही. बाहेरून कॅमेरे बघायचे म्हणून लोक पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राऊटरमधून आतल्या डिव्हाइसकडे वळवणं) करत बसतात, पण राऊटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या नेटच्या, पानावर तुम्हाला १००.६४ ते १००.१२७ मधला नंबर दिसत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे नेटवाल्याने बाहेरचा एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय, कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी आत येऊ शकणार नाही. मी रास्पबेरी पायवर टेलस्केल (घराबाहेरून घरच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) टाकून त्याला सबनेट राऊटर केलंय, म्हणजे त्याच्यामार्फत घरातल्या बाकी डिव्हाइसपर्यंत पोचता येतं, पुण्याला असलो तरी फोनवरून एनव्हीआर त्याच घरच्या नंबरवर उघडतो. इथे फिक्स आयपीची खरी मजा येते.

आणि याच कारणासाठी घरची मालिका १९२.१६८.१ ठेवू नका असं माझं मत आहे. ती इतकी सर्रास असते की ज्या हॉटेलात किंवा मित्राकडे जाल तिथेही तीच निघते आणि मग फोनला कळत नाही कुठला प्रिंटर कुठला. जिओफायबरचा राऊटर १९२.१६८.२९.१ वर असतो, बऱ्याच इतर डब्यांवर १९२.१६८.१.१. मी नेटवाल्याच्या डब्यामागे स्वतःचा राऊटर लावला आणि त्याची मालिका १९२.१६८.५० केली, दोन्हीकडे एकच मालिका ठेवली तर नेटच चालणार नाही हे ध्यानात घ्या. याचा मोठा फायदा सप्टेंबरमध्ये झाला. नेटवाल्यांचा माणूस येऊन त्यांचा डबा बदलून गेला, नवीन डब्याची मालिका वेगळी, वायफायचं नाव वेगळं, पण आमच्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही कारण घरातलं सगळं माझ्या राऊटरवर होतं. रिझर्वेशन त्यांच्या डब्यावर केलेली असती तर डब्याबरोबर तीही गेली असती. ज्यांच्याकडे एकच डबा आहे त्यांनी निदान यादी तरी लिहून ठेवावी. तशीही कॉन्फिगरेशनची बॅकअप फाईल काढून ठेवाच, फॅक्टरी रिसेट झालं की सगळं पुसलं जातं. मी तर प्रत्येक डिव्हाइसवर मार्करने नंबर लिहून चिकटवलाय, बाबांना फोनवरून सांगता येतं की एकतीस लिहिलेल्या कॅमेऱ्याची पिन काढून परत लावा.

कमतरता म्हणाल तर नवीन वस्तू आणली की तिला यादीत घालायचं काम उरतंच, प्रिंटर बदलला तर मॅक बदलतो, तिथे जाऊन नवीन टाकावा लागतो. आणि हे सगळं आयपीव्ही४ पुरतं, म्हणजे वरच्या चार आकड्यांच्या नंबरांपुरतं आहे. नेटवाला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब ॲड्रेस) देत असेल तर डिव्हाइस तिकडे स्वतःचा वेगळा ॲड्रेस बनवतात, त्यावर या रिझर्वेशनचा काही परिणाम नाही. प्रिंटर-कॅमेऱ्यांना त्याने फरक पडत नाही, ते आयपीव्ही४ वरच बोलतात, पण पाय-होलला पडतो. राऊटर जर नेटवाल्याचा आयपीव्ही६ डीएनएस घरात वाटत असेल तर जाहिराती त्या वाटेने येत राहतात. मी सध्या राऊटरवर ते डीएनएस वाटणं बंद केलंय, आणि त्यानंतर खालच्या टीव्हीवरच्या जाहिरातीही बऱ्याच कमी झाल्यात.

ज्यांच्या घरात फक्त चार मोबाईल आणि एक टीव्ही आहे त्यांना यातलं काही करायची गरज नाही. प्रिंटर किंवा कॅमेरा आला की त्याच दिवशी करा, दोन-तीन डिव्हाइस असताना दहा मिनिटांचं काम असतं, पंधरा झाल्यावर एकेक बंद करून ओळखत बसावं लागतं. कुणाला आपल्या राऊटरवर हा पर्याय सापडत नसेल तर मॉडेल नंबर टाका, लॅन किंवा डीएचसीपीच्या पानावर कुठे असतो ते बघून सांगतो.