शुगर, फॅटी लिव्हर आणि आतड्यातले विषाणू: आज हाताशी नेमकं काय आहे?

तीन महिन्यांची शुगर आठच्या घरात आणि सोनोग्राफीत ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’. असा रिपोर्ट आला की नाशिकमध्येही हल्ली गोळ्यांच्या जोडीला आतड्यांची चर्चा सुरू होते. कुणी प्रोबायोटिक सुचवतं, कुणी मलप्रत्यारोपण (निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडणं), तर कुणी मोबाइलवर ‘विषाणूंनी मधुमेह बरा’ असा व्हिडिओ दाखवतं. हे सगळं एकाच तागडीत तोलता येत नाही.

आधी विषाणू. इथे बोलतोय ते फेज, म्हणजे जिवाणूंना ग्रासणारे विषाणू. ते माणसाच्या पेशींत शिरत नाहीत. ग्रॅमभर विष्ठेत ते अब्जावधींनी असतात. ॲमस्टरडॅममध्ये १९६ लोकांच्या तपासणीत मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटावरची चरबी, वाढलेली शुगर, रक्तदाब असे बिघाड एकत्र) असलेल्यांच्या आतड्यात फेजची विविधता कमी दिसली. आजारामुळे ती घटली की ती घटल्यामुळे आजार झाला, हे त्यातून कळत नाही.

उपचार म्हणून दोन तऱ्हा आहेत. पहिलीत सडपातळ, निरोगी दात्याची विष्ठा मिठाच्या द्रावणात कालवतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवतात आणि वरचा द्रव ०.२ ते ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून काढतात. जिवाणू वर अडकतात, फेज खाली उतरतात. ऐकायला सोपं, पण फिल्टर लवकर तुंबतो आणि आकाराने मोठे फेज जिवाणूंबरोबर वरच राहतात. उलट नोरोव्हायरससारखे माणसाला आजारी पाडणारे विषाणू इतके लहान असतात की ते आरामात खाली येतात. म्हणून दात्याची तपासणी इथेही टाळता येत नाही. जिवाणूंनी तयार केलेली रसायनंही फिल्टरमधून येतात, त्यामुळे गुण आला तरी श्रेय एकट्या विषाणूंना देता येत नाही. शिवाय काही फेज जिवाणूला न मारता त्याच्याच जनुकांत दडून बसतात आणि विष बनवणारी जनुकं सोबत नेऊ शकतात. कॉलऱ्याचं विष बनवणारं जनुक जिवाणूत अशाच एका फेजमुळे आलेलं असतं.

निकाल पाहा. २०२० मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांना सडपातळ उंदरांचे विषाणू दिले. त्यांचं वजन कमी वाढलं आणि साखर पचवण्याची क्षमता सुधारली. माणसांवर २०२३ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये २४ जणांची चाचणी झाली. एक डोस, २८ दिवस देखरेख. गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत, पण साखरेच्या मुख्य मोजमापात फरकही दिसला नाही. सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरवर चढउतार थोडे निवळल्याची खूण होती, इतकंच. एवढ्या भांडवलावर कुणी पॅकेज विकत असेल, तर सरळ नाही म्हणावं.

दुसरी तऱ्हा आम्हाला जास्त आशादायक वाटते, कारण तिच्यात शत्रू ठरलेला आहे. २०१९ मध्ये चीनमधल्या अभ्यासात फॅटी लिव्हरच्या सुमारे ६०% रुग्णांच्या आतड्यात क्लेबसिएला न्यूमोनिए या जिवाणूचे भरपूर अल्कोहोल बनवणारे प्रकार सापडले. दारूला न शिवणाऱ्याच्या यकृतावर चरबी का, याचं एक उत्तर त्यात आहे. या जिवाणूवर नेमका फेज सोडल्यावर उंदरांचं यकृत सुधारलं. अडचण अशी की एक फेज एकाच जातीच्या मोजक्याच प्रकारांना ओळखतो. क्लेबसिएलाने आपलं बाहेरचं कवच बदललं की फेजला पकड मिळत नाही, म्हणून अनेक फेजचं मिश्रण लागतं. जठरातल्या आम्लात फेज टिकत नाहीत, म्हणून आतड्यात विरघळणारी कॅप्सूल लागते. माणसांसाठी ही वाट अजून मोकळी झालेली नाही.

मलप्रत्यारोपणात अख्खी जिवाणूसृष्टीच दिली जाते, फेजसकट. २०१२ मध्ये १८ पुरुषांच्या चाचणीत सहा आठवड्यांनी इन्सुलिनचा परिणाम सुधारला. पुढे ३८ जणांवर केलेल्या चाचणीत तो गुण १८ आठवड्यांपर्यंत ओसरला होता. अमेरिकेत या प्रकारची उत्पादनं मंजूर आहेत, पण ती फक्त क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या पुन्हापुन्हा होणाऱ्या संसर्गासाठी. तिथेच २०१९ मध्ये दात्याच्या विष्ठेतून आलेल्या, प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या ई. कोलाय जिवाणूमुळे एका रुग्णाचा मृत्यू नोंदला गेला. शुगरसाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही, आणि घरगुती मिक्सरवरचा प्रयोग तर नकोच.

आता जुन्या वाटा. भारतातल्याच २००६ च्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने सुमारे २६ टक्क्यांनी घटला. फॅटी लिव्हरमध्ये वजन ७ ते १० टक्के उतरलं की यकृताची सूजही उतरते. ८० किलोच्या माणसासाठी हे सहा ते आठ किलो झाले. गोदापार्कवर रोज पाऊण तास झपाझप चालणं आणि पावाऐवजी नागली-ज्वारीची मोजकी भाकरी, इथून सुरुवात करता येते. मेटफॉर्मिन जेवणासोबत, कमी डोसने सुरू केलं की पोट कमी बिघडतं. वर्षानुवर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं. सेमाग्लुटाइड या शुगर आणि भूक कमी करणाऱ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनने जास्त डोसवर मधुमेह नसलेल्यांचं वजन सरासरी १५% घटलं, मधुमेह असलेल्यांचं १०% च्या आसपास. मळमळ होऊ नये म्हणून ०.२५ मिलिग्रॅमने सुरू करून दर चार आठवड्यांनी चढवतात. घाईने डोस वाढवला की उलट्या होतात, आणि बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

(१८९६ मध्ये हॅन्किन या ब्रिटिश जिवाणुशास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात, असं नोंदवलं होतं. त्यावरून नाशिकच्या रामकुंडाचं तीर्थ पोटाला औषध ठरत नाही. नदीत फेज असतात, तसे सांडपाण्यातले जिवाणूही असतात.)

फेजच्या चाचणीत भाग घ्यायचा असेल, तर ‘सीटीआरआय’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा आणि देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. संमतिपत्रात ती लिहिलेली हवी. चाचणीसाठी चालू गोळ्या परस्पर बंद करू नका.

आणि विष्ठेची ‘मायक्रोबायोम टेस्ट’ घेण्याआधी लॅबला विचारा, पद्धत कोणती? ‘सोळा-एस’ असं उत्तर आलं, तर ती जिवाणूंतलं एक जनुक पाहून फक्त जिवाणू मोजते. विषाणूंत ते जनुकच नसतं.