अँकी सात महिने वापरलं : टॉवेलचा धंदा आणि इंग्रजीतली स्ट्रॅटेजी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. कामगारांशी तेलुगू, सूतवाल्याशी मराठी, ट्रान्सपोर्टवाल्याशी कन्नड हे सगळं बाबा बघतात. बाहेरच्या बायरशी इंग्रजीत बोलायचं तेवढं माझ्या गळ्यात.

निमित्त एका फजितीचं झालं. अमेरिकन बायर कॉलवर म्हणाला, "लेट्स टेबल द प्राइसिंग." मला वाटलं, मांड म्हणतोय. मी दहा मिनिटं सुताच्या दराचं पुराण लावलं. ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं. अमेरिकेत त्याचा अर्थ नेमका उलटा, तूर्त बाजूला ठेवणं. त्याच रात्री अँकी, म्हणजे कार्डांवरून शब्द पाठ करून घेणारं ॲप, उतरवून घेतलं.

अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ; खाली अगेन, हार्ड, गुड, ईझी अशी चार बटणं. विसरलात की कार्ड लगेच परत येतं. आठवलं की काही दिवसांनी, मग महिन्यांनी. दिसायला अगदी रुक्ष.

पहिले तीन आठवडे वाया घालवले, दोष माझाच. कुणीतरी केलेला बिझनेस इंग्लिशचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, घेतला. सिनर्जी, लेव्हरेज, व्याख्या तोंडपाठ. कॉलवर मात्र जीभ टाळ्याला. शेवटी तो काढून टाकला आणि रोज पाचच शब्द, पण प्रत्येकाला कारखान्यातलं वाक्य, असं सुरू केलं. ट्रेड-ऑफच्या, म्हणजे एक मिळवायला दुसरं सोडण्याच्या, कार्डावर लिहिलं : जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) वाढवला की टॉवेल पाणी जास्त शोषतो, पण सूत जास्त लागतं आणि वाळतोही उशिरा. तो शब्द पुन्हा विसरलो नाही.

खरी मजा 'मोट'ची, इंग्रजीत त्याचा अर्थ खंदक. धंद्याला स्पर्धकांपासून वाचवणारी गोष्ट, या अर्थानं वॉरन बफे यांनी हा शब्द रूढ केला. आपल्याला मोट म्हटलं की विहीर आणि बैलच दिसणार! मी कार्डावर आपल्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाचा फोटो लावला. मग बाबांना विचारलं, आपला खंदक कुठला? मी म्हटलं, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे की सोलापुरी टेरी टॉवेलला. बाबा म्हणाले, "ते सगळ्या सोलापूरचं. खंदक गावाभोवती झाला, आपल्या शेडभोवती कुठंय?" मग स्वतःच म्हणाले, "आपला रंग जात नाही, ते लिही." तेच वाक्य इंग्रजीत करून पुढच्या कॉलवर वापरलं. कोअर कॉम्पिटन्सच्या, म्हणजे धंद्याच्या मूळ हातखंड्याच्या, कार्डावरही आता तेच आहे. प्रल्हाद आणि हॅमेल या व्यवस्थापनतज्ज्ञांनी १९९० साली मांडलेली ती कल्पना मला रंगखात्यातूनच कळली.

उणीवही सांगतो. यानं बोलणं सुधारत नाही. शब्द ओळखीचा होतो, तोंडात बसायला मोठ्यानं म्हणावंच लागतं; मी गाडीवर एकटा असताना पुटपुटतो. दुसरं म्हणजे खाडा चालत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरच्या गड्डा जत्रेत सहा दिवस फोनकडे बघितलं नाही, तर १८७ कार्डं साचली. ती उपसायला आठवडा गेला. अशा वेळी नवीन कार्डं बंद ठेवायची, हे मला फार उशिरा सुचलं.

सध्या सातशेच्या आसपास कार्डं आहेत. सकाळी माग सुरू व्हायच्या आधी चहाबरोबर वीस मिनिटं पुरतात. आज ४३ कार्डं दाखवतंय. 'टेबल' अजूनही अधूनमधून चुकतो, अगेन दाबावं लागतं.